निजामकालीन नोंद, पण आकाशाची

(शिरूर कासार येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मे महिन्याचा उकाडा, त्यात लाईटचा भरवसा नाही, तरी एवढी माणसं वेळेवर आलीत. आया-बहिणी आहेत, शाळेतली पोरं आहेत, हंगाम संपवून कारखान्यांवरून परत आलेली मंडळी आहेत. बरं वाटलं. पत्रिकेत विषय छापलाय 'आकाशाचे फोटो'. त्यावर एका काकांनी मघाशी दारातच विचारलं, फोटो दाखवणार का? तर आधीच सांगून ठेवतो, आज आम्ही एकही देखणा फोटो दाखवणार नाही. आम्ही एका पुस्तकाची समीक्षा करायला आलोय. बारा खंडांचं पुस्तक. त्यात गोष्ट नाही, कविता नाही, चित्रसुद्धा नाही. पानोपानी नुसते आकडे. (हशा.)

हसा, पण पुस्तक आपलं आहे. २०२३ साली आपण सगळ्यांनी एक धावपळ पाहिली. निजामकालीन नोंदी शोधा! तहसीलमधले जुने गठ्ठे सुटले, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणलं, खासरा पत्रकं, जन्ममृत्यूची रजिस्टरं उलगडली गेली. त्या प्रश्नावर कुणाची काय बाजू, हा आजचा विषय नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. कुण्या एका कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी बोरूने एक ओळ लिहून ठेवली. लिहिताना त्याला माहीत नव्हतं की कधीतरी या ओळीवर माणसांचं भवितव्य तोललं जाईल. त्याने फक्त ओळ नीट लिहिली.

त्याच काळात, त्याच संस्थानात आणखी एक नोंदवही लिहिली जात होती. ती जमिनीची नव्हती, माणसांची नव्हती. ती ताऱ्यांची होती. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने आकाशाचा एक पट्टा फोटो काढून मोजला. आपला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. ज्या खजिन्यातून ही वेधशाळा चालली, त्या खजिन्यात बीडच्या जमिनीचा साराही जात होता. म्हणजे ही नोंदवही काही अंशी आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या ज्वारीवर लिहिली गेलीय. तेव्हा ती कशी उतरली, काय साधलं, कुठे चुकलं, हे विचारण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.

आधी ही नोंदवही आली कुठून ते पाहू.

१८८७ साली पॅरिसमध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले. पुढाकार पॅरिस वेधशाळेचे संचालक मूशे यांचा. तोपर्यंत ताऱ्यांची जागा डोळ्यांनी, दुर्बिणीतून, एकेक करून मोजायची पद्धत होती. नुकत्याच नव्या कोरड्या काचेच्या फोटो-प्लेटा आल्या होत्या. पॅरिसच्या आंरी बंधूंनी दाखवून दिलं की एका प्लेटेवर एका झटक्यात शेकडो तारे उमटतात. मग ठरलं की अख्ख्या आकाशाची मोजणी करायची. आकाशाचे आडवे पट्टे पाडले आणि जगातल्या वेधशाळांना वाटून दिले. सुमारे वीस वेधशाळा आणि बावीस हजार प्लेटा. या योजनेचं फ्रेंच नाव 'कार्त द्यू सिएल', म्हणजे आकाशाचा नकाशा. तिचे दोन भाग होते. एक खरोखरचा छापील नकाशा, त्यात फार अंधूक तारेही यायचे. दुसरा, अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची यादी. अकरावी प्रत म्हणजे काय? तुमच्या डोळ्याला अंधाऱ्या रात्री जो सगळ्यात फिका तारा जेमतेम दिसतो, त्याच्याही शंभरपट फिका.

वाटणीत दक्षिणेकडचा एक पट्टा, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा, चिली देशातल्या सांतियागोकडे गेला होता. त्यांच्याकडून तो झाला नाही. पॅरिस किंवा ग्रिनिच इथून तो नीट घेता येत नाही, कारण तिथून आकाशाचा हा भाग क्षितिजाजवळच रेंगाळतो. पॅरिसहून तो फार तर वीस-एकवीस अंश वर येतो, आणि तेवढ्या खालच्या हवेतून पाहणं म्हणजे गढूळ पाण्यातून तळ पाहण्यासारखं. आपल्याकडे शिरूर कासारहून तोच पट्टा दक्षिणेला पन्नास अंशांच्या वर चढतो. हैदराबादेत त्याहून थोडा जास्त. म्हणून तो हैदराबादकडे आला.

हैदराबादेत वेधशाळा कशी, तर नवाब जफर जंग नावाचे एक उमराव होते. त्यांना आकाशाचा नाद. त्यांनी विलायतेहून पंधरा इंची मोठी दुर्बीण आणि फोटो काढण्यासाठीची आठ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ च्या सुमारास वेधशाळा उभी केली. १९०७ मध्ये ते वारले. मग संस्थानाने ती ताब्यात घेतली. आर्थर चॅटवुड पहिले संचालक. वेधशाळा बेगमपेठेत आली. त्यांच्यानंतर रॉबर्ट पोकॉक, आणि १९१८ मध्ये पोकॉक वारल्यावर सूत्रं भास्करन यांच्याकडे आली. १९१९ पासून वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आपल्या पट्ट्याच्या प्लेटा १९१४ ते १९२९ या काळात घेतल्या गेल्या. एकूण १२६०. तो पुरा होत आला तोवर उत्तरेकडचा आणखी एक पट्टा, ३६ ते ३९ अंशांचा, गळ्यात पडला. तो मूळ जर्मनीतल्या पॉट्सडामचा. तोही त्यांनी १९२८ ते १९३८ या काळात घेतला. म्हणजे एक युरोपातला आणि एक दक्षिण अमेरिकेतला, असे दोन राहिलेले वाटे हैदराबादने उचलले. मोजणी, गणित, छपाई हे सगळं चाळीसच्या दशकापर्यंत चाललं.

आता हे काम कसं होतं ते थोडं समजून घ्या, कारण त्याशिवाय समीक्षा करता यायची नाही.

दुर्बीण ताऱ्याच्या मागे मागे फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं. योजनेचा ठराव असा की प्लेटेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला, अंशाचा साठावा भाग. पृथ्वी फिरते. यंत्र थांबलं तर चार-सव्वाचार सेकंदांत तारा प्लेटेवर एक मिलिमीटर सरकतो, ठिपक्याची रेघ होते. यंत्र पुरतं भरवशाचं नव्हतं. म्हणून एक माणूस शेजारच्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचा, एक तारा तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा आणि हाताने बारीक दुरुस्ती करत राहायचा. काही मिनिटं. मान अवघडली तरी हलायचं नाही.

प्लेटेवर ताऱ्यांच्या जोडीला पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची जाळीही उमटवायची. कशाला? प्लेट धुताना, वाळताना तिच्यावरचा थर ताणला जातो. तारा सरकला तर शेजारची रेघही सरकेल. मग रेघेपासून मोजलं की चूक कळते. बांधावरचा दगड हलला का, हे दुसऱ्या दगडावरून ताडतात, तसंच. नंतर ती प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. प्रत्येक तारा उजवी-डावीकडे किती, वर-खाली किती, हे वाचायचं आणि लिहायचं. वाचणाऱ्याची नजर एका बाजूला झुकत असेल तर ते पकडायला काही वेधशाळा प्लेट उलटी फिरवून पुन्हा मोजत. आकाशातली प्रत्येक जागा किमान दोन प्लेटांवर यावी अशीच सगळी मांडणी होती. एका प्लेटेचा कोपरा दुसऱ्या प्लेटेच्या मध्यावर.

पावसाळ्याचे महिने काम बंद. म्हणजे हंगाम तोच, आपला. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. इकडून माणसं कोयता घेऊन बाहेर पडायची वेळ आणि तिकडे घुमट उघडायची वेळ एकच.

आता समीक्षा. आमचे तीन आक्षेप आहेत. अगदी सरळ मांडतो.

पहिला आक्षेप. हे पुस्तक वाचणाऱ्यासाठी लिहिलेलंच नाही. कुठलाही खंड उघडा. ताऱ्याचा आकाशातला पत्ता, म्हणजे विषुवांश आणि क्रांती, तिथे थेट मिळत नाही. मिळतं काय, तर अमुक नंबरच्या प्लेटेवर हा ठिपका मध्यापासून इतका आडवा आणि इतका उभा. पत्ता हवा तर प्लेटेचे गुणांक घ्या आणि गणित तुम्ही करा. हा दोष एकट्या हैदराबादचा नाही, साऱ्या योजनेचाच आहे. तेव्हा संगणक नव्हते, लाखो ताऱ्यांचं रूपांतर हाताने करायला आणखी एक पिढी गेली असती, हे आम्हाला मान्य. पण परिणाम काय झाला? मोजणीखात्याने तुमच्या हातात कागद दिला, त्यावर लिहिलंय 'बांधापासून चौदा हात', आणि गट नंबरच नाही. असा कागद कपाटात जातो. हे खंडही गेले. कित्येक दशकं ते फार थोड्यांनी उघडले.

दुसरा आक्षेप जास्त मोठा. या मोजणीने ताऱ्याला एकच प्रश्न विचारला. तू कुठे आहेस? तू बदलतोस का, हे विचारलंच नाही. त्याच वर्षांत अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळा वेगळ्या रीतीने चालली होती. त्यांनी आकाशाचे तेच तेच भाग पुन्हा पुन्हा टिपले, वर्षानुवर्षं. पाच लाखांहून जास्त प्लेटा साठल्या. त्या प्लेटा शेजारी शेजारी ठेवून हेन्रिएटा लेविट यांनी तेजात कमीजास्त होणारे हजारो तारे शोधले. १९१२ साली त्यांनी दाखवलं की एका जातीच्या ताऱ्यांचा तेज बदलण्याचा काळ जितका लांब, तितका तो तारा मुळात तेजस्वी. त्या एका सूत्राने पुढे दीर्घिकांपर्यंतची अंतरं मोजता आली. पॅरिसच्या योजनेत बांधल्या गेलेल्या वेधशाळांकडून असं काही झालं नाही. पन्नास वर्षं त्या ठिपके मोजत राहिल्या, आणि तारा कशाचा बनलाय, कसा जळतो, कसा मरतो, हे नवं शास्त्र दुसरीकडे वाढलं. ही टीका जाणकारांनी फार पूर्वीच केली आहे, आणि ती खरी आहे. त्यात भर म्हणजे तेव्हाच्या प्लेटा निळा प्रकाश तेवढा नीट टिपत. तांबडा तारा त्यांना आहे त्याहून फिकाच दिसायचा. मोजणारा प्रामाणिक, पण त्याचा चष्मा निळा.

तिसरा आक्षेप नावांचा. चॅटवुड, पोकॉक, भास्करन ही नावं आम्ही आत्ता घेतली. संचालकांची नावं कुठेही सापडतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जे ठिपका ठिपका वाचत होते, त्यांची नावं इतिहासाने नेहमीच वाऱ्यावर सोडलीत. जगभर. व्हॅटिकनच्या वेधशाळेनेही या योजनेत एक पट्टा घेतला होता. तिथे चार जोगिणींनी चार लाख एक्याऐंशी हजारांहून जास्त तारे मोजले. त्यांची नावं जगापुढे आली २०१६ साली. एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलंबो, कोन्चेत्ता फिनार्दी, लुइजा पान्चेरी. काम संपून जवळपास शंभर वर्षं झाल्यावर.

इथे आम्हाला मुकादमाची वही आठवते. त्यात 'एक कोयता' लिहिलेलं असतं. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोन माणसं. वहीत आकडा एक. उचल नवऱ्याच्या नावावर. समोर बसलेल्या बायकांना हे आम्ही सांगायची गरज नाही. बाईने मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहिल्या, पोर सांभाळलं, आणि वहीत ती अर्धीसुद्धा नाही. तारे मोजणाऱ्यांचं झालं ते याच जातीचं. वही बरोबर आहे, बेरीज बरोबर आहे, पण वही कुणाच्या घामावर उभी आहे ते वहीत नाही. ज्या नोंदवहीला अकराव्या प्रतीचा तारा दिसतो, तिला समोरचा माणूस दिसू नये, हा आमच्या मते तिचा सगळ्यात मोठा दोष.

इतकं बोलल्यावर तुम्ही म्हणाल, मग टाका ना ते बारा खंड रद्दीत. नाही. आता दुसरी बाजू ऐका, कारण आमचा निकाल तिच्यावर ठरतो.

तारे स्थिर दिसतात, पण प्रत्येक तारा आकाशात सरकतो. त्याला निजगती म्हणतात. फार बारीक असते. समजा एखादा तारा वर्षाला विकलेचा पन्नासावा भाग सरकतो. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. ऐंशी वर्षांत तो सरकेल एक पूर्णांक सहा दशांश विकला. प्लेटेच्या मापात सांगायचं तर मिलिमीटरचा सुमारे सदतिसावा भाग, डोक्याच्या केसाच्या निम्म्या जाडीहून कमी. एका वर्षात हे पकडणं अशक्य. ऐंशी वर्षांत पकडता येतं. आणि गंमत पाहा. जुन्या मोजणीत समजा तीन दशांश विकलेची चूक असली, तरी ती ऐंशी वर्षांवर वाटली जाते. गतीतली चूक इतकी लहान होते की ती विसरावी.

पण त्यासाठी लागतं काय? आज मोजायचं यंत्र कितीही भारी असो, ऐंशी वर्षांपूर्वीची नोंद विकत मिळत नाही. ती कुणीतरी तेव्हाच करून ठेवलेली लागते.

युरोपच्या हिपार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा फार बारकाईने मोजल्या. त्या जागांना जोडीदार हवा होता, जुना आणि भरवशाचा. तेव्हा शास्त्रज्ञ गेले त्याच रद्दी म्हटलेल्या खंडांकडे. वीस वेधशाळांचे सुमारे ४६ लाख तारे संगणकात भरले, पत्ते नव्याने काढले. २००० साली 'टायको-२' नावाची यादी आली. पंचवीस लाख ताऱ्यांच्या निजगती. तिच्यातली सगळ्यात जुनी मोठी साक्ष पॅरिस योजनेची, आणि तिच्यातले १७ ते २३ दक्षिण अंश हैदराबादचे.

मंडळी, याला आपल्याकडे काय म्हणतात? फेरफार. आधीचा सात-बारा असल्याशिवाय फेरफाराला अर्थ नाही. बेगमपेठेत एका रात्री कुणीतरी मान अवघडून एक तारा फुलीवर धरून ठेवला, आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी अवकाशातल्या उपग्रहाच्या मोजणीला तो साक्षीदार म्हणून उभा राहिला. आम्ही मघाशी म्हणालो की या पुस्तकाने 'बदलतोस का' हे विचारलं नाही. खरं आहे. पण पुढच्यांना ते विचारता आलं, कारण 'कुठे आहेस' याचं उत्तर या पुस्तकाने खरं लिहून ठेवलं होतं.

एक आक्षेप कुणी घेईल. आता गाया उपग्रह झालाय, त्याने जवळजवळ १८० कोटी ताऱ्यांची मोजणी केली, जुन्या प्लेटांना कोण विचारतो? बरोबर आहे, बहुतेक ताऱ्यांसाठी आता गाया पुरतो. पण गायाचं काम चाललं २०१४ ते २०२५. दहा-अकरा वर्षं. एखाद्या ताऱ्याला न दिसणारा जोडीदार असेल आणि दोघांना एकमेकांभोवती फिरायला शंभर वर्षं लागत असतील, तर दहा वर्षांत त्याची वाट सरळच दिसणार. शतकभराची नोंद शेजारी ठेवली की वाट वाकलेली दिसते, आणि न दिसणारा जोडीदार कळतो. म्हणून जुना कागद जपायचा.

आता आजच्या मोजणीकडे येऊ. ती आपल्या मराठी माणसाशीही जोडलेली आहे.

अमेरिकेत पालोमार डोंगरावर एक ४८ इंची दुर्बीण आहे. १९४९ ते १९५८ या काळात तिने तिथून दिसणाऱ्या आकाशाचे फोटो घेतले, चौदा इंची काचेच्या प्लेटांवर. प्रत्येक भाग दोनदा, एकदा निळ्या आणि एकदा तांबड्या प्रकाशात. बघा, निळ्या चष्म्याचा दोष तिथे सुधारला. जगभरच्या वेधशाळांत पुढे कित्येक वर्षं त्या फोटोंच्या प्रती संदर्भाला वापरल्या गेल्या. तीच दुर्बीण आजही चालू आहे. प्लेट जाऊन इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आला. २०१८ पासून तिच्यावर 'झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी' हे सर्वेक्षण चाललं. उत्तरेचं आकाश दोन-तीन रात्रींत एकदा पुरं टिपायचं, आणि कालच्या फोटोतून आजचा फोटो वजा करायचा. जे उरलं ते नवं. स्फोट झालेला तारा, धूमकेतू, सरकणारा लघुग्रह. ही कल्पना ज्यांनी उभी केली, त्यांत अग्रभागी नाव श्रीनिवास कुलकर्णी यांचं. जन्म १९५६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. २०२४ मध्ये त्यांना शॉ पारितोषिक मिळालं.

म्हणजे हार्वर्डच्या प्लेटांनी सुरू केलेला प्रश्न, 'बदलतोस का', आता रोज रात्री विचारला जातो. २०२५ च्या जूनमध्ये रुबिन वेधशाळेचे पहिले फोटो आले. तिचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, आणि दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपायचं ठरलंय. ती कुठे आहे? चिलीत. ज्या देशाकडून आपला पट्टा सुटला होता आणि हैदराबादकडे आला होता, त्याच देशातून आता तो पुन्हा टिपला जाणार आहे.

पण समीक्षा करायची तर आजच्याचीही करू. आज एका रात्रीत लाखोंच्या घरात सूचना येतात, कुणीही माणूस त्या सगळ्या पाहत नाही. घाई वाढली आहे. दुसरं, आजच्या फोटोंत रेघा पडतात, उपग्रहांच्या. १९५७ च्या ऑक्टोबरआधी माणसाने बनवलेला एकही उपग्रह वर नव्हता. हैदराबादच्या प्लेटा त्या स्वच्छ आकाशाच्या आहेत. तसं आकाश आता कुणालाच टिपता येणार नाही, कितीही पैसा ओतला तरी.

आणि तिसरं, उजेड. हैदराबाद वाढलं, दिवे वाढले. साठच्या दशकात मोठी ४८ इंची दुर्बीण बसवायची वेळ आली, तेव्हा विद्यापीठाला शहर सोडून जपाल-रंगापूरला जावं लागलं. बेगमपेठेचा जुना घुमट आता दुसऱ्या संस्थेच्या आवारात उभा आहे. ज्या वेधशाळेच्या सावलीत वेणू बाप्पू लहानाचे मोठे झाले, ती ही. त्यांचे वडील तिथे नोकरीला होते. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकताना याच वेणू बाप्पूंनी एका प्लेटेवर धूमकेतू शोधला, आणि पुढे भारताचं आधुनिक खगोलशास्त्र उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. आज तिथल्या पोराला अंगणातून काय दिसणार? फार तर चंद्र आणि दोन-चार ग्रह.

मग आमचा निकाल असा. निजामियाची ही नोंदवही वाचायला रूक्ष आहे, प्रश्न विचारण्यात तोकडी आहे, आणि कष्टकऱ्यांच्या नावांच्या बाबतीत कोडगी आहे. तरीही ती थोर आहे, कारण ती खरी आहे आणि पुरी आहे. जिथे मोठमोठे देश अर्ध्यात सुटले, तिथे एका संस्थानातल्या माणसांनी अंगावर घेतलेला वाटा तडीला नेला. फायदा आपल्याला नाही, पुढच्याला होणार, हे माहीत असून नेला. नोंदीची किंमत लिहिणारा ठरवत नाही, ती शोधत येणारा ठरवतो. लिहिणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते, ओळ नीट लिहिणं.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: सर, हे सगळं खरं, पण आम्हाला याचा उपयोग काय? आमची मोजणी कोण करणार?)

ताई, प्रश्न आमच्यापेक्षा चांगला आहे. खरं सांगायचं तर त्या बारा खंडांचा तुमच्या चुलीला काही उपयोग नाही. पण त्यातून एक मागणी नक्की शिकता येते. ज्या वहीत आपले कष्ट चढतात, त्या वहीत आपलं नावही चढलं पाहिजे. 'एक कोयता' नाही. दोन माणसं, दोन नावं. हे सांगायला खगोलशास्त्र लागत नाही, पण शंभर वर्षांपूर्वीच्या चार जोगिणींची नावं शोधायला जग २०१६ मध्ये लागलं, तर तुमच्या नावासाठी शंभर वर्षं थांबायचं कारण नाही. (टाळ्या.)

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. आपल्याकडे अजून अंधार आहे. गावाच्या चौकातले मोठे दिवे सोडले, लग्नाच्या लॉनचे फोकस सोडले, तर शेताच्या बांधावर बऱ्यापैकी आकाश दिसतं. रात्रपाळीच्या लाईटवर मोटार लावायला गेलेल्या माणसाला ते रोज दिसतं. दिवा लावूच नका असं आम्ही म्हणत नाही. रस्त्यावर उजेड हवा, बाईमाणसाला तर हवाच. पण दिव्याचं तोंड खाली असावं. वर टाकलेला उजेड कुणाच्याच कामाचा नाही, त्याचं बिल मात्र येतं.

आता नऊ वाजायला आलेत. बाहेर पडलात की दक्षिणेकडे तोंड करा आणि आकाशात निम्म्याहून थोडं वर पाहा. चार-पाच ताऱ्यांचा वाकडा चौकोन दिसेल. ते हस्त नक्षत्र. शेतकऱ्याला तो हत्तीच्या पावसापुरता माहीत असतो, पण तो पाऊस पडतो तेव्हा सूर्यच हस्तात असतो, म्हणून नक्षत्र दिसत नाही. दिसतं ते आत्ता, मे महिन्यात. त्याचा मोठा भाग हैदराबादच्या पट्ट्यात येतो. त्या चौकोनात आणि आजूबाजूला तुम्हाला पाच तारे दिसतील. त्यांच्या मागे हजारो आहेत, आणि त्यातला एकेक कुणीतरी मोजून लिहून ठेवलाय.

एक वही करा. आज किती तारे दिसले ते लिहा. तारीख लिहा, वेळ लिहा, जागा लिहा, आणि खाली स्वतःचं नाव लिहा. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी उभं राहून पुन्हा लिहा. बस.